पाटीवरचा डॉक्टर आणि नोंदवहीतला डॉक्टर

वाचकहो, बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी तुम्ही जाताच. पुढच्या खेपेला एस.टी. स्टँडमधून बाहेर पडलात की लगेच भाजीबाजाराकडे वळू नका. एकदा दवाखान्यांच्या गल्लीतून सावकाश चालत जा आणि पाट्या वाचा. नावाच्या आधी सगळीकडे 'डॉ.' आहेच. नावाच्या पुढची अक्षरे मात्र बघण्यासारखी आहेत. कोणी एम.बी.बी.एस., कोणी बी.ए.एम.एस., कोणी बी.एच.एम.एस., एखादा जुना डी.एच.एम.एस. मधेच 'बी.ई.एम.एस.' दिसेल, 'एम.डी. (ए.एम.)' दिसेल, आणि एखाद्या पाटीवर नुसतेच 'आर.एम.पी.' असेल. ही सगळी अक्षरे आपल्या लेखी एकच असतात. ताप आला, पोरगं कण्हायला लागलं, की जो दवाखाना उघडा असेल त्यात आपण शिरतो. सुई टोचून घेतो, सलाईन लावा म्हणतो आणि गुण आला की 'डॉक्टरला हातगुण आहे' असे चार जणांना सांगतो.

गुण आला नाही तर? माणूस दगावला तर? तेव्हा मात्र पाटीवरच्या या अक्षरांना एकाएकी महत्त्व येते. तक्रार घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो हा की हे डॉक्टर कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत आहेत. मग माणूस या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतो. तालुका आरोग्य अधिकारी म्हणतात, मुंबईला लिहा. मुंबईहून उत्तर येते की सदर व्यक्ती आमच्या नोंदवहीत नाही.

गावात डॉक्टर कोणाला म्हणायचे हे ज्या कायद्याने ठरते तो कायदा गेली दहा-बारा वर्षे आपल्या राज्यात घुसळून निघतो आहे. २०२५ साली तर त्यावरून डॉक्टरांचे संप झाले, उपोषणे झाली, मंत्रालयातून एक आदेश निघाला, तो थांबला आणि पुन्हा निघाला. शहरातल्या वर्तमानपत्रांत याच्या बातम्या 'अॅलोपॅथी विरुद्ध होमिओपॅथी' अशा मथळ्यांनी आल्या. भांडण तेवढ्यापुरते असते तर या पानावर त्याला जागा द्यायचे कारण नव्हते. पण ज्या डॉक्टरांबद्दल हे भांडण आहे ते बहुतांशी आपल्याच गावांत बसतात.

नोंदवही म्हणजे काय?

आधी थोडे मागे जाऊ. वकिली, डॉक्टरकी हे धंदे असे की नुसती पदवी मिळवून ते करता येत नाहीत. राज्याच्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढावे लागते. नाव चढले की नंबर मिळतो. तो नंबर म्हणजेच परवाना. मुंबई इलाख्यात असा पहिला कायदा १९१२ साली झाला. तो होता पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांसाठी. वैद्य-हकीम त्याच्या बाहेर राहिले. त्यांच्यासाठी १९३८ साली वेगळा कायदा करण्यात आला. वऱ्हाड-नागपूरकडे मध्य प्रांताचे कायदे होते, मराठवाड्यात निजामाचे. १९६० मध्ये राज्य एक झाले तरी डॉक्टरांचे कायदे मुलखागणिक निराळे. ते एकत्र करायला आणखी काही वर्षे गेली.

त्यातून आज जे तीन मुख्य कायदे आपल्याकडे आहेत ते असे उभे राहिले. आयुर्वेद आणि युनानीवाल्यांसाठी १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, आणि अॅलोपॅथीसाठी १९६५ चा महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम. होमिओपॅथीचा कायदा त्यांच्याही आधीचा, म्हणजे १९५९ चा. तीन कायदे, तीन परिषदा, तीन नोंदवह्या. (दंतवैद्य, परिचारिका, औषधविक्रेते यांच्या परिषदा आणखी वेगळ्या. त्यांचा विषय आज नको.) १९६१ च्या कायद्यात पदवी नसलेल्या पण पिढीजात व्यवसायात मुरलेल्या वैद्यांचीही एक वेगळी यादी ठेवलेली होती. त्या यादीतले म्हातारे वैद्य तुमच्यातल्या वयस्कर मंडळींनी पाहिलेले असतील. खलबत्ता, कुडाच्या सालीचा काढा आणि नाडीवर दोन बोटे.

त्याच १९६१ च्या कायद्यात कलम ३३ आहे, आणि बोगस डॉक्टरांच्या ज्या बातम्या तुम्ही वाचता त्यांत हटकून येते ते हेच कलम. कोणत्याही नोंदवहीत नाव नसताना वैद्यकी करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची सक्तमजुरी आणि दोन ते दहा हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. कायदा वाचायला कडक आहे. पण तो वापरायचा तर आधी कोणीतरी तक्रार करावी लागते, आरोग्य अधिकाऱ्याने पदवीची परिषदेकडून खात्री करावी लागते, मग पोलिसात फिर्याद. यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे. समिती बसते. ती बसली की आठ-पंधरा दिवस दवाखान्यांची शटरे खाली असतात, आणि नंतर हळूच वर जातात. हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे असे नाही.

आता पाटीवरच्या त्या अक्षरांकडे परत येऊ. बी.ए.एम.एस. ही आयुर्वेदाची पदवी, बी.एच.एम.एस. ही होमिओपॅथीची. दोन्ही सरकारमान्य, साडेपाच वर्षांच्या, त्यात वर्षभर उमेदवारी. या डॉक्टरांना बोगस म्हणणे चूक आहे. ती सवय आपण सोडून दिली पाहिजे. बी.ई.एम.एस. म्हणजे इलेक्ट्रोपॅथी, तिला वैद्यकाची पॅथी म्हणून केंद्र सरकारने मान्यता दिलेली नाही आणि २००३ मध्येच तसा आदेश काढून ठेवला आहे. 'आर.एम.पी.' ही तर पदवीच नव्हे. त्याचा अर्थ नुसता 'नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी'. कुठे नोंदणी, कोणता नंबर, हे पाटीवर नसेल तर त्या तीन अक्षरांना काही किंमत नाही.

कायदा कोण बदलतो?

पुष्कळांचा समज असा की डॉक्टरांची परिषद बसते आणि कायदा बदलते. तसे नाही. परिषदेचे काम नोंदवही सांभाळणे, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करणे, त्यासाठी डॉक्टरने पाच वर्षांत नवीन शिक्षणाचे ३० गुण मिळवले आहेत का ते बघणे आणि डॉक्टरविरुद्ध तक्रार आली तर चौकशी करून ताकीद देणे किंवा नाव काढून टाकणे. कायदा बदलायचा तो विधिमंडळाने. नियम करायचे ते सरकारने. परिषद मत देऊ शकते, शिफारस करू शकते, आणि कायदा झाल्यावर तो अंमलात आणायचा की त्याला कोर्टकचेरीचा टेकू देऊन थांबायचे, यातही तिचा हात असतो.

दुसरी गोष्ट अशी की डॉक्टरकी हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे दिल्लीही कायदा करते आणि मुंबईही करते. दिल्लीचा १९५६ चा मेडिकल कौन्सिलचा कायदा होता, तो जाऊन २०१९ चा राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा कायदा आला. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे केंद्रीय कायदेही २०२० मध्ये नवे झाले. दोघांचे जुळले नाही की प्रकरण कोर्टात. गावच्या भाषेत सांगायचे तर बांध एकच आणि सातबाऱ्यावर नावे दोघांची.

हे भांडण मुळात आयुर्वेदावरून सुरू झाले. बी.ए.एम.एस. डॉक्टर गावात बसतो, लोकांना गोळी-इंजेक्शन पाहिजे असते, तो देतो. हे कायदेशीर की बेकायदा? औषधांच्या १९४५ च्या नियमांत एक छोटी फट होती. त्यात असे म्हटले आहे की राज्याच्या नोंदवहीतल्या एखाद्या वर्गाला राज्य सरकार आदेशाने आधुनिक औषधे देणारा डॉक्टर म्हणून जाहीर करू शकते. तिचा उपयोग करून महाराष्ट्राने १९९२ आणि १९९९ मध्ये आदेश काढले आणि आयुर्वेद-युनानीवाल्यांना आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली. दरम्यान १९९८ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला, पण एक अट सांगितली. राज्याचा कायदा तशी परवानगी देत असेल तरच ती खरी, नुसत्या आदेशाने भागणार नाही.

होमिओपॅथीवाल्यांचे मात्र या फटीतून जमेना. कारण त्याच नियमात 'होमिओपॅथीची नोंदवही सोडून' असे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. आणि त्यात १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आडवा आला. तो तुम्ही समजून घेतला पाहिजे, कारण त्यात जे घडले ते कुठल्याही गावात घडू शकते.

मुंबईतला एक नोकरदार माणूस. १९९२ च्या जुलैत त्याला ताप आला. जवळच्या डॉक्टरने आधी विषाणूचा ताप म्हणून औषध दिले. उतार पडला नाही तेव्हा विषमज्वर धरून त्याची औषधे सुरू केली. विषमज्वराची साथ होती म्हणून अंदाजाने. तपासणी काही केली नाही. तब्येत बिघडत गेली, एका शुश्रूषागृहात हलवले, तिथून मोठ्या रुग्णालयात, आणि तिथे तो गेला. डॉक्टर होमिओपॅथीचे होते, दिलेली औषधे अॅलोपॅथीची. विधवा बाई ग्राहक आयोगाकडे गेली. राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली. बाईने हार मानली नाही, ती सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने निकाल फिरवला. डॉक्टरची नोंदणी होमिओपॅथीची आहे, त्याने त्याच पॅथीत राहायला हवे होते, न शिकलेल्या पॅथीची औषधे देणे हीच मुळात हयगय, आणि असे करणारा माणूस भोंदू वैद्यच समजावा, असा त्या निकालाचा आशय. तीन लाख रुपये भरपाई आणि तीस हजार खर्च.

निकालानंतर पुढे काय झाले? खरे सांगायचे तर गावात फारसे काही झाले नाही. होमिओपॅथीचे दवाखाने होते तसेच राहिले, औषधेही तीच राहिली. फरक एवढाच की डॉक्टर चिठ्ठी लिहायचे बंद झाले. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळू लागल्या. कोणती गोळी दिली हे रोग्याला कळत नाही आणि पुढच्या डॉक्टरलाही कळत नाही. कायद्याने दार लावले की धंदा खिडकीतून चालतो, त्याचे हे उदाहरण.

एक वर्षाचा कोर्स

यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये महाराष्ट्राने एकदम दोन कायद्यांत दुरुस्ती केली, होमिओपॅथीच्या आणि १९६५ च्या वैद्यक परिषदेच्या. नोंदणीकृत होमिओपॅथी डॉक्टरने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला तर त्याला आधुनिक औषधे देता येतील. या अभ्यासक्रमाचे नाव इंग्रजी आद्याक्षरांनी 'सी.सी.एम.पी.' असे पडले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो आखला, वर्ग वैद्यकीय महाविद्यालयांत भरतात. दवाखाना सांभाळून आठवड्यातून वर्गाला जायचे आणि शेवटी परीक्षा द्यायची.

इंडियन मेडिकल असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे असे की एम.बी.बी.एस. व्हायला साडेपाच वर्षे लागतात, त्यात एकट्या औषधशास्त्राचा नव्हे तर शरीररचना, विकृतिशास्त्र, मेडिसिन, सर्जरी सगळ्याचा अभ्यास असतो. रोग ओळखायला न शिकता औषध द्यायला शिकणे म्हणजे घोडा नसताना लगाम विकत घेणे. होमिओपॅथीवाल्यांचे म्हणणे असे की शरीररचना, विकृतिशास्त्र, मेडिसिन आम्हीही साडेपाच वर्षे शिकतोच. राहते ते औषधशास्त्र, ते या कोर्सने भरून निघते. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, हे कबूल करायला हवे. तुम्ही एखाद्या मोठ्या खाजगी रुग्णालयात रात्री गेलात तर ड्यूटीवर कोण असते? बहुतेक वेळा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. रुग्णालयाचे मालक एम.डी. आणि रात्रभर जागणारा बी.एच.एम.एस. जी संघटना मंत्रालयावर मोर्चा नेते त्यातल्याच कित्येकांची रुग्णालये या मुलांच्या जिवावर चालतात. ही गोष्ट त्या मोर्च्यात कोणी बोलले नाही.

आणि सरकारचे? सरकार तर स्वतःच वर्षानुवर्षे हे करत आले आहे. मेळघाट, नंदुरबारसारख्या आदिवासी भागात १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत भरारी पथकाचे मानसेवी डॉक्टर बहुतांशी बी.ए.एम.एस. कुपोषित पोराला अँटिबायोटिक देताना त्यांना कोणी पॅथी विचारली नाही. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाने एक वर्ष सरकारी सेवा करावी असा बाँड आहे, न केल्यास दहा लाख रुपये भरायचे. कित्येक जण दहा लाख भरून मोकळे होतात. तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजाराला एक, हा निकष कागदावर आहे. पण रात्री दोन वाजता त्या केंद्राचे कुलूप कोणी उघडून द्यावे ही ज्याची त्याची नशिबाची गोष्ट.

दिल्लीनेही हा प्रयोग करून पाहिला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१७ च्या विधेयकात आयुष डॉक्टरांसाठी असाच सेतू अभ्यासक्रम होता. देशभर ओरड झाली, संसदीय समितीने तो सक्तीचा नको म्हटले, आणि तो काढून टाकण्यात आला. २०१९ च्या कायद्यात त्याऐवजी 'सामुदायिक आरोग्य सेवक' नावाने मर्यादित परवान्याचे कलम आले. महाराष्ट्राची २०१४ ची दुरुस्ती मात्र तशीच राहिली. ती गाभुळलेल्या चिंचेसारखी, ना कच्ची ना पिकली.

२०२५ चा गोंधळ

कायदा होऊन दहा वर्षे उलटली तरी वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत या डॉक्टरांची नावे चढली नव्हती. हजारो जण कोर्स करून बसले होते. प्रमाणपत्र चौकटीत लावून भिंतीवर, पण नंबर नाही. ३० जून २०२५ रोजी वैद्यक परिषदेने अधिसूचना काढली की १५ जुलैपासून सी.सी.एम.पी. झालेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची नोंदणी सुरू होईल. त्या वेळी परिषदेवर निवडून आलेले मंडळ नव्हते, प्रशासक होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या व्यवसायाचा नियम बदलतो आहे त्या व्यवसायाचे निवडून दिलेले प्रतिनिधी टेबलाशी नसताना हा निर्णय झाला, अशी टीका त्यामुळेच झाली.

अॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी संपाचा इशारा दिला. सरकारने नोंदणी थांबवली आणि समिती नेमली. मग होमिओपॅथीवाले आझाद मैदानावर उपोषणाला बसले. ५ सप्टेंबरला सरकारने पुन्हा आदेश दिला की वैद्यक परिषदेने यांच्यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवून नोंदणी सुरू करावी. १८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यभर अॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. तीन महिन्यांत एकाच कागदाचा चार वेळा रंग बदलला.

मला या सगळ्यात जे खटकते ते तुमच्यापुढे ठेवतो. दोन्ही बाजूंनी 'रुग्णांचे हित' हे शब्द शेकडो वेळा वापरले. पण रुग्णाने तक्रार केली तर ती कोणी ऐकायची, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. समजा, सी.सी.एम.पी. केलेल्या डॉक्टरने दिलेल्या इंजेक्शनाने एखाद्याला रिअॅक्शन आली. त्याचे मूळ नाव होमिओपॅथी परिषदेत, औषध देण्याचा परवाना वैद्यक परिषदेच्या वेगळ्या वहीत. शिक्षा कोणी करायची? एका परिषदेने नाव काढले तर दुसऱ्या वहीतले नाव राहते की जाते? कोणत्या आजारात थांबून पुढे पाठवायचे याची हद्द कोणती? गर्भवतीला काय द्यायचे नाही, तान्ह्या मुलाला काय द्यायचे नाही? स्वतंत्र नोंदवही करणे ठीक, पण तिच्या मागे ही कलमे सुस्पष्ट नसतील तर ती वही म्हणजे नुसती हजेरी.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते असे. गावातला बी.एच.एम.एस. डॉक्टर चोरून औषध देतो त्यापेक्षा शिकून, नंबर लावून, चिठ्ठी लिहून दिलेले बरे. चिठ्ठी असली की पुरावा असतो. पण परवाना मोघम नको. त्यात औषधांची यादी हवी. ताप, जुलाब, खरूज, रक्तदाबाच्या चालू गोळ्या हे चालेल. कंबरदुखीला आणि तापाला सर्रास 'डेक्सा' टोचणे चालणार नाही. स्टिरॉईडच्या त्या सुईने माणूस तासाभरात उठून शेतावर जातो, म्हणून ती आपल्याला प्रिय आहे. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, ते कोणी त्या सुईशी जोडत नाही. आणि इथे दोष फक्त डॉक्टरचा नाही. 'सुई नाही दिली, कसला डॉक्टर' असे म्हणून दुसऱ्या दवाखान्यात जाणारे आपणच आहोत.

हाच वाद आयुर्वेदाच्या बाजूनेही पेटलेला आहे. २०२० च्या नोव्हेंबरात आयुर्वेदाच्या पदव्युत्तर सर्जनांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रिया करता येतील अशी केंद्रीय अधिसूचना निघाली, डिसेंबरात त्यावरून देशभर संप झाला. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

तुम्ही काय करायचे?

कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत तुमच्या हातात काही गोष्टी आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही.

दवाखान्यात नोंदणी नंबर लावलेला असला पाहिजे आणि चिठ्ठीवरही असला पाहिजे. अॅलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेनेच ते बंधनकारक आहे. नंबर कोणत्या परिषदेचा ते बघा. २०२५ मध्ये वैद्यक परिषदेने डॉक्टरांना दवाखान्यात क्यू.आर. कोडची चौकट लावायला सांगितले. घरातल्या पोराच्या मोबाईलने ती टिपली की त्या डॉक्टरची माहिती दिसते. लाजायचे कारण नाही. खताच्या गोणीवरचा नंबर आपण बघतो, बियाण्याची पिशवी जपून ठेवतो, मग डॉक्टरचा नंबर बघताना कसला संकोच?

औषध घेतले की चिठ्ठी मागा. 'कशाला पाहिजे' असे विचारले तर 'मुंबईच्या पाव्हण्याला दाखवायची आहे' म्हणा, मिळते. रुग्णालयात भरती असाल तर केसपेपरची प्रत मागण्याचा तुमचा हक्क आहे. त्याच आचारसंहितेप्रमाणे लेखी मागितल्यावर ७२ तासांत ती द्यावी लागते आणि भरती रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. लेखी मागा आणि पोच घ्या. तोंडी मागितलेल्याला कायद्यात जागा नाही.

तक्रार कोठे करायची यात आपल्या माणसांची फार फसगत होते. परिषद भरपाई देत नाही. ती फक्त डॉक्टरला शिक्षा करते. पैशाची भरपाई पाहिजे असेल तर ग्राहक आयोग. १९९५ च्या निकालाने फी घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आलेले आहेत. माणूस मुळात कोणत्याच नोंदवहीत नसेल तर तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस ठाणे. या तिन्ही वाटा वेगळ्या आहेत, आणि एकीवर गेलात म्हणून दुसरी बंद होत नाही. ग्रामपंचायतींनी आणखी एक काम करावे. ग्रामसभेत गावातल्या सगळ्या दवाखान्यांची यादी वाचावी: नाव, पदवी, परिषद, नंबर. ज्याचा नंबर लागत नाही त्याच्यापुढे कोरे ठेवावे. एवढीच यादी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावली तर अर्धी तपासणी तिथेच होते.

परवा तालुक्यातल्या एका होमिओपॅथी डॉक्टरांकडे बसलो होतो. सज्जन माणूस, वीस वर्षे एकाच खोलीत दवाखाना. सी.सी.एम.पी.चे प्रमाणपत्र देवाच्या फोटोशेजारी. मी विचारले, "पाटीवर लिहिले नाही?" म्हणाले, "रंगाऱ्याला दोनदा बोलावलं, दोनदा परत पाठवलं. नंबर कोणता लिहू ते सांगा, लगेच लिहितो." तेवढ्यात एक म्हातारी आत आली. बाकावर टेकली आणि म्हणाली, "डॉक्टर, कालचीच सुई द्या बरं, तिनं बरं वाटलं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, मग तिचा हात हातात घेऊन नाडी बघू लागले.